तात्यांच्या जागेवर मामा

मिरच्या भाजल्याचा ठसका नाकात गेला की मला लग्नं आठवतात, आणि लग्नं आठवली की कुठल्यातरी कॉम्प्युटरचं झाकण उघडून आत डोकवावंसं वाटतं. हा क्रम काही सरळ माणसाचा नव्हे, मान्य आहे. पण ज्यांनी लालबागमध्ये एखादा मे महिना माझ्यासारखा काढला असेल, त्यांचंही असंच होत असणार.

आता मी करी रोडला बऱ्याच वरच्या मजल्यावर राहते. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, एसी चालू. तरी एप्रिल संपत आला की मसाल्याच्या गल्लीतला तो तिखट धूर कुठून ना कुठून वर येतोच. परवा इमारतीच्या ग्रुपवर एकीनं लिहिलं, 'काहीतरी जळतंय, सिक्युरिटीला बोलवा.' मी उत्तर दिलं, 'जळत नाहीये, भाजतायत. बेडगी मिरची आहे. खोल श्वास घ्या.' त्यावर तिनं तोंडाला मास्क लावलेला पिवळा चेहरा पाठवला. तुमच्या खिडकीसमोर पूर्वी गिरणीचं साचेखातं, म्हणजे मागांची शेड, होतं, हेही तिला सांगावंसं वाटलं. पण जिला बेडगी कळत नाही तिला साचेखातं काय कळणार!

मे महिना हा आमच्याकडे दोन गोष्टींचा. वर्षाचा मसाला आणि वर्षभराची लग्नं. सकाळी गल्लीत मिरच्या कुटणाऱ्या डंकाचे दणके सुरू झाले की त्यांच्या तालावर भिंतीतल्या खुंट्या हलत, आणि संध्याकाळी हॉलबाहेर बँडवाले फुंकायला लागले की उरलेल्या हलत. अबोलीचे गजरे, घामानं अंगाला चिकटलेल्या शालूंचा वास, कोकम सरबताचे चिकट पेले, आणि या सगळ्यावर लालभडक तिखटाचा एक पातळ थर. त्या दिवसांत लालबागच्या नवऱ्या सासरी जाताना रडायच्या, त्यातल्या निम्म्या मिरचीनं रडायच्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता लग्नात डोक्यावर ड्रोन घोंघावतो आणि भटजी मान खाली घालून मंत्र म्हणतात. लग्नाआधीच नवरा-नवरी कुठल्यातरी धबधब्याखाली जाऊन भिजून येतात. माझी तक्रार नाही. फक्त एवढंच की यांच्या फिल्ममध्ये सगळं जागच्या जागी असतं. नवरीच्या जागी नवरी, बापाच्या जागी बाप. आमच्या बाळामामाच्या कॅसेटमध्ये असं काहीही गृहीत धरता येत नसे.

बाळामामा हा माझ्या आईचा भाऊ. गिरणीत कापड विणायचा. संप झाला, लांबला, लांबतच गेला, आणि तो संपला असं कुणी कधी धड सांगितलंच नाही. मामानं बरीच वर्षं इकडेतिकडे हातपाय मारले आणि मग एक व्हिडिओ कॅमेरा मिळवून तो लग्नांचं शूटिंग करायला लागला. चाळीच्या जिन्याखाली एक तिरक्या छताची खोली होती. तिला तो स्टुडिओ म्हणायचा. आत उभं राहायचं तर एकाच कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यात टेबल होतं.

संपाला दीड दशक उलटून गेल्यावरच्या एका लग्नसराईची ही गोष्ट. मी नुकताच दादरला कॉम्प्युटरचा क्लास केला होता. भोईवाड्यातून रोज क्लासला चालत जाणारी मुलगी म्हणून आमच्या नात्यात सगळे माझ्याकडे एकदम शास्त्रज्ञ म्हणून बघायला लागले होते. कुणाचं घड्याळ बंद पडलं तरी ते माझ्यापुढे ठेवत. त्यामुळे मामानं लॅमिंग्टन रोडवरून एक जुना कॉम्प्युटर आणि चित्र आत घेणारं एक कार्ड आणलं, तेव्हा ते चालवायला मी जाणार का हे कुणी मला विचारलंसुद्धा नाही.

काम तसं सोपं होतं. एका व्हीसीआरमधून लग्नाची मूळ कॅसेट सोडायची. चित्र कॉम्प्युटरमधून जाताना त्यावर वधूवरांची नावं, गुलाब, उडती हृदयं टाकायची. आणि पलीकडच्या व्हीसीआरमध्ये ती सजलेली नवी कॅसेट भरून घ्यायची. मामाला हृदयांचा फार सोस. पंगतीतल्या जिलब्यांवरसुद्धा तो हृदयं सोडायचा.

सकाळी यंत्र सुरू करण्याचा त्याचा एक विधी होता. उदबत्ती, पडद्याला हळदकुंकू, मग कॅमेरा थेट कॉम्प्युटरला जोडायचा आणि समोर स्टुलावर स्वतः बसायचं. बनियनवर, हातात चहाची बशी. पडद्यावर तो बशीतून फुर्र करून चहा पिताना दिसला, की यंत्र ठीक आहे असं समजायचं. दिवसाचं पहिलं चित्र त्याचं स्वतःचंच असलं पाहिजे, हा नियम.

"देवाचा फोटो धर ना समोर," मी एकदा म्हटलं.

"देवाला टेस्टिंगला बसवतात काय?" मामा दुखावला. "आपण बसायचं. बिघडलं तर आपलं तोंड बिघडंल."

या यंत्रावरची पहिली कॅसेट होती सुलूच्या लग्नाची. सुलू माझी मैत्रीण, मामाच्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी. लग्न होऊन थोड्याच दिवसांत ती नवऱ्याबरोबर मस्कतला जायची होती. जिन्याखाली येऊन तिनं मला बजावलं, "नंदे, फुलंबिलं काही नाय टाकलीस तरी चालेल. कन्यादानात बाबांचं तोंड नीट दिसलं पाहिजे. तिकडे मला कुणाचं तोंड दिसणाराय?" असं म्हणून ती हसली आणि लगेच रडायला लागली. तेव्हा डंक बंद होता, म्हणजे ते रडणं मिरचीचं नव्हतं. मी तिला वचन दिलं. वचन देताना यंत्राकडे एकदा बघायला हवं होतं.

अडचण अशी की सुलूचे बाबा, म्हणजे तात्या, आणि माझा मामा यांचा अबोला होता. संपापासूनचा. रोज एकाच जिन्यावरून चढायचे, एकाच नळावर उभे राहायचे, पण बोलायचे नाहीत. लग्नाचं शूटिंग मात्र तात्यांनी मामालाच दिलं, कारण चाळीतला माणूस सोडून बाहेरचा आणला तर लोक विचारतील, आणि लोकांनी विचारलं तर बोलावं लागेल. बोलणं टाळण्यासाठी त्यांनी मामाला काम दिलं, आणि मामानं ते एक शब्द न बोलता घेतलं. सगळं ठरलं ते माझ्यामार्फत. लग्नात तर कहर झाला. समोर पाटावर तात्या बसलेले, उसना कोट घालून. हातभर अंतरावर मामा, डोळ्याला कॅमेरा. आणि मामा ओरडतोय, "वधूपित्याला सांगा, मान वर करा! वधूपित्याला सांगा, इकडे बघा!" भटजींना वाटलं आपल्यालाच सांगतायत. त्यांनी प्रत्येक वेळी ते तात्यांना सांगितलं, तेही मंत्राच्याच चालीत.

हा अबोला कशावरून, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे मामीनं सांगितलं. बायकापोरं कोकणात असताना मामा आणि तात्या याच चाळीत एका गाळ्यात राहायचे. गाळा म्हणजे एकट्या पुरुषांची एक खोली, गिरणीतली डझनभर माणसं तीत आळीपाळीनं झोपायची. खिडकीखालची एक जागा या दोघांत होती. मामाची दिवसपाळी, तात्यांची रातपाळी. वळकटी एकच, उशा तेवढ्या वेगळ्या. सकाळी तात्या कामावरून येत, मामाच्या तळव्याला पायानं ढोसत आणि म्हणत, "ऊठ." संध्याकाळी मामा परते आणि तात्यांना म्हणे, "ऊठ." वर्षानुवर्षं त्यांच्यात एवढंच बोलणं. सुट्टीच्या दिवशी तात्या भजनाला जात आणि मामा आमच्याकडे भोईवाड्यात जेवायला. एकमेकांच्या तंबाखूचा वास त्यांना पाठ होता, उशीवरच्या तेलाचा डाग ठाऊक होता, पण दोघांनी एकमेकांना सलग असं जागं कधी पाहिलंच नव्हतं. मामी म्हणायची, इतका चांगला शेजार मी जन्मात बघितला नाही.

आणि मग संप झाला. भोंगे थांबले. दिवसपाळीही गेली नि रातपाळीही. पहिल्याच संध्याकाळी दोघं एकदम घरी. वळकटी पसरली आणि दोघंही तिच्यावर बसले. मामा म्हणाला, "ऊठ." तात्याही म्हणाले, "ऊठ." आणि कुणीच उठलं नाही.

भांडण म्हणाल तर एवढंच. गाळ्यातली माणसं हसली, ते दोघांनाही लागलं. थोड्या दिवसांनी तात्यांनी आपली उशी काखेत मारली आणि बाहेर गॅलरीत जाऊन पडले, ते बोलायचे बंद झाले. बाकीचे गावी गेले आणि त्यातले बरेच परत आलेच नाहीत. गाळा रिकामा झाला, जागाच जागा झाली, पण तोवर अबोल्याची सवय लागली होती. मला नेहमी वाटतं, संपानं लोकांचं काय काय नेलं त्याचा हिशेब पुष्कळांनी मांडला. पण एका वळकटीवर दोन माणसं गुण्यागोविंदानं निजत होती ती केवळ भोंग्यामुळे, हे भोंगा गेल्यावरच कळलं.

तर सुलूची कॅसेट. मी ती लावली. गणेशपूजन छान. फक्त पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक पट्टा, आणि त्यात एक मिशी. मी निरखून बघितलं. मिशी, तिच्याखाली बशी. सकाळच्या टेस्टिंगमधला मामा तिथे चिकटून राहिला होता. बाकीचं चित्र पुढे सरकत होतं, तेवढा तुकडा हलायला तयार नव्हता. बँडवाल्याच्या ढोलावर मिशी, नवरदेवाच्या काकांच्या पोटावर मिशी, रुखवतातल्या लाडवांवर मिशी आणि बशी. इथवर मी हसत होते. मग कन्यादान आलं. तात्या नेमके खालच्या डाव्या कोपऱ्यात बसलेले. उसना कोट तात्यांचा, हात तात्यांचे, आणि गळ्याच्या वर मामा. तांब्यातून पाण्याची धार पडतेय आणि मामा खालून बशी लावून पितोय!

माझं हसू एकदम थांबलं. सुलूला दिलेलं वचन आठवलं.

पहिला संशय मिरचीवर. झाकण उघडलं तर आत खरोखरच तिखट होतं. पंख्यानं गल्लीतलं सगळं ओढून कार्डांवर छान पसरलं होतं. मी रंगकामाच्या ब्रशनं झाडायला घेतलं आणि मी, मामा आणि पाणी मागायला आलेला टपाल्या असे तिघं मिळून शिंकत सुटलो. कॉम्प्युटर लखलखीत झाला. मिशी तशीच.

मग मी म्हटलं, मामा, आज टेस्टिंग करू नकोस, तू आत गेलाच नाहीस तर दिसणार कसा? त्यानं फार वाईट चेहऱ्यानं कबूल केलं आणि चहा बाहेर जिन्यावर बसून प्यायला. त्या दिवशी त्या पट्ट्यात मामा नव्हता. तिथे नुसते रंगीबेरंगी दोरे दोरे आले, तुटके, थरथरणारे. मामानं विणकराच्या डोळ्यानं ते पाहिलं.

"ताणा तुटलाय," तो म्हणाला. "ह्यापेक्षा मी बरा दिसत होतो."

खरं सांगायचं तर बरा दिसत होता.

दादरहून एक मेकॅनिक बोलावला. त्यानं कॉम्प्युटरला कान लावला, दोनदा थोपटलं आणि निदान केलं, मेमरी कमी पडतेय. हे निदान मामाला भयंकर आवडलं, कारण त्यात आणखी काहीतरी विकत घ्यायचं होतं. मी म्हटलं, त्यापेक्षा आहे तशी कॅसेट सरळ एकीतून दुसरीत भरू. कॉम्प्युटर नको, गुलाब नको, हृदयं नकोत. बाबांचं तोंड दिसेल, सुलूला तेवढंच हवंय.

मामा चिडला. "साधी कॅसेट? तात्याच्या पोरीची?" तो आवाज चढवून म्हणाला, "उद्या तो चार लोकांत बोलेल, बाळानं मुद्दाम डावललं. नाय. एकदम कडक झाली पाहिजे. आंतरपाटाला मोर सोडायचे."

मी बरंच बोलून बघितलं. पण ज्या माणसाशी आपण बोलत नाही त्याच्या पोरीच्या कॅसेटवर मोर सोडण्याचा हट्ट, यापुढे माझा क्लासचा अभ्यास काय टिकणार?

मामा स्वतः जाऊन मेमरीची एक नवी पट्टी घेऊन आला. साबणाच्या वडीएवढी डबी, तिला दोन्ही हातांनी धरून. मी ती बसवली. त्यानं हौसेनं टेस्टिंग केलं, दोन बशा चहा प्यायला. आम्ही कॅसेट लावली, नवी भरायला घेतली, आणि कन्यादान आलं.

आता मिशी नव्हती. आता आख्खा मामा होता. डोक्याच्या टकलापासून बनियनच्या भोकापर्यंत. तात्यांचा कोटही गेला, हातही गेले. सुलूचा हात धरून पाटावर माझा मामा बसला होता, बनियनवर, आणि शांतपणे चहा पीत होता. जितकी मेमरी वाढवली तितका मामा वाढला होता.

नेमके त्याच वेळी तात्या जिन्यावरून खाली उतरत होते. दार उघडंच होतं. मे महिन्यात जिन्याखाली दार लावून बसेल तो वेडा. तात्या थांबले. वाकून आत बघितलं. आपल्या मुलीचं कन्यादान कोण करतंय ते त्यांनी नीट पाहून घेतलं, आणि मग मला, मामाला नव्हे, मला विचारलं,

"गो बाय, हो मेलो माझ्या जाग्यार कित्या बसलो?"

मामानंही मलाच सांगितलं, "त्याला सांग, मी बसलो नाय. मेमरी बसलीय."

"ह्याका सांग, इतकी वर्सां झाली तरी हो माझ्या जाग्यावरना उठना नाय!"

"त्याला सांग, जागा कुणाची होती ते आख्ख्या चाळीला ठावं हाय!"

"अरे, गप बसा दोघं!" मी ओरडले. उकाडा मरणाचा, नाकात मिरची, सुलूचं विमान डोक्यावर, आणि हे दोन बाप्ये माझ्या दोन कानांत आळीपाळीनं ओरडतायत. माझा पार तोल गेला. माझा राग कॉम्प्युटरवर होता, मेकॅनिकवर होता, आणि मी कार्डांकडे बोट दाखवून बोलत होते. पण बोलले ते असं:

"साधी गोष्ट आहे. आत जागा एक आहे आणि ती दोघांना पाहिजे. दोघांनाही वाटतं, ती आपलीच. कुणी कुणाला विचारत नाही, कुणी कुणाशी बोलत नाही. पूर्वी एक चालू असताना दुसरा बंद असायचा, तेव्हा सुरळीत होतं. आता दोघं एकदम चालू, म्हणून सगळं चित्र बिघडलंय!"

यातला शब्द न् शब्द मी चित्र दाखवणारं कार्ड आणि चित्र आत घेणारं कार्ड यांना उद्देशून बोलले होते. दोघं एकदम गप्प झाले. मला वाटलं, वा, आपल्याला किती छान समजावता येतं!

तात्या दाराच्या चौकटीला धरून उभे होते, मामा बशीतल्या साईकडे बघत होता. मग तात्यांनी हळूच विचारलं, "मग आता एकान उठाक होया?"

"नाही," मी म्हटलं. कारण नेमकं त्याच सकाळी कॉम्प्युटरच्या सेटिंगच्या निळ्या पानावर मी एक ओळ वाचली होती आणि घाबरून सोडून दिली होती. "उठायचं कुणीच नाही. ही जी मोठी मेमरी आहे ना, तिनं जरा पाय आखडायचे. मध्ये थोडी जागा मोकळी सोडायची. मग एक कार्ड आहे तिथेच राहील, दुसरं त्या मोकळ्या जागेत नीट बसेल. दोघांनाही पुरेल."

"मोकळी सोडायची म्हणजे?" मामा सावध झाला.

"म्हणजे मेमरीत एक भोक पाडायचं. तिकडे तसंच लिहिलंय, होल."

मामा उभा राहिला आणि तिरक्या छताला त्याचं डोकं आपटलं. "कालच आणली ती मेमरी! कोरी! तिला भोक?"

"पाड गो," तात्या म्हणाले. "पाड भोक." इतकी वर्षं मनात धरलेलं काहीतरी त्या आज्ञेत निघून गेल्यासारखं वाटलं मला.

मी ती निळी ओळ बदलली. कार्डाची जागा ठरवणारी करंगळीच्या नखाएवढी प्लास्टिकची टोपी चिमट्यानं उचलून दुसऱ्या दोन खिळ्यांवर बसवली. यातलं एक जरी चुकलं असतं तर सुलूच्या बाबांचं तोंड बनियनमध्येच मस्कतला गेलं असतं. यंत्र सुरू झालं. आकडे धावले, जुन्या हिशेबापेक्षा जरा कमीवर थांबले, तेव्हा मामानं हळहळून च्च् केलं. कॅसेट लावली.

पाटावर तात्या होते.

कोट होता, हात होते, गळ्याच्या वर तात्यांचंच तोंड. आणि ते रडत होते. लग्नात मी तिथेच उभी होते, पण मला हे दिसलंच नव्हतं. चाळभर सांगत सुटलेला माणूस, मी नाय रडूचंय म्हणून. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी कोटावर पडत होतं. शिवाय ते सुलूकडे बघत नव्हते, सरळ आमच्याकडे बघत होते. वधूपित्याला सांगा, इकडे बघा. ते कॅमेऱ्याकडे, म्हणजे मामाकडे बघत होते.

मामा स्टुलावर पुढे सरकला. बशी तशीच हातात राहिली. तो मला म्हणाला, तात्या तिथेच उभे असताना, "ह्याला सांग. एवढी वर्षं एका वळकटीत काढली, पण ह्याचं तोंड मी आज बघतोय. तेव्हा बघितला तो झोपलेलाच."

मी सांगायला वळले. तात्या म्हणाले, "आयकलंय मी." आणि जिना चढून निघून गेले.

सुलूची कॅसेट वेळेत झाली. आंतरपाटाला मोर, कन्यादानाला मात्र मामानं काहीच सोडू दिलं नाही. हृदय नाही, गुलाब नाही. मी विचारलं तर म्हणाला, "तिथं जागा मोकळी ठेव." निघताना सुलू ती छातीशी धरून गेली. मग उरली ती बिघडलेली कॅसेट, आख्ख्या मामाची. ती पुसून दुसऱ्या लग्नाला वापरायची असा आमचा रिवाज. पण संध्याकाळी तात्या जिन्याखाली हजर. "ती वायट झालेली खय आसा?"

"कशाला हवी?"

"पुरावो म्हणान ठेवतंय," तात्या गंभीरपणे म्हणाले. "हो माझ्या जाग्यार बसल्याचो."

मामानं ती काढून माझ्या हातात दिली, मी तात्यांच्या हातात दिली. हात तिघांचेही हातभर अंतरावर होते.

आता तुम्ही म्हणाल, अबोला सुटला असेल. छे! इतक्या वर्षांची सवय अशी सुटते होय? फरक एवढाच पडला की तात्या रोज दुपारी जिन्याखाली येऊन बसायला लागले. मामानं दुसरं स्टूल आणलं. कुणासाठी ते बोलला नाही. दोघं तासन् तास परक्यांची लग्नं बघत आणि माझ्यामार्फत भांडत. "ह्याका सांग, नवरी काळजीत दिसता." "त्याला सांग, तिला जोडा चावतोय." मी नसले की गप्प बसून बघत. मी नसताना ते आपसात बोलत असावेत असा मला दाट संशय आहे. पण पकडले मात्र कधी गेले नाहीत. एकाच किटलीतला चहा, दोन बशा. मला वाटतं, अबोला त्यांनी पुढे केवळ माझा पगार वसूल करण्यासाठी चालू ठेवला होता.

चाळ पाडली, टॉवर झाला, त्यातच वर मीही घर घेतलं, आणि मसाल्याची गल्ली बिल्डरला पुरून उरली. मामा जाऊन काही वर्षं झाली. शेवटी शेवटी त्याला कॅमेरा जड व्हायचा, पण सकाळचा चहा तो बंद पडलेल्या मॉनिटरच्या काचेत बघूनच प्यायचा.

यंदा मिरच्यांचा वास आला आणि त्याच आठवड्यात मस्कतहून सुलूचा फोन. "नंदे, बाबांकडे ती बिघडलेली कॅसेट पडलीय बघ. ते कुणाला हात लावू देत नाहीत. खराब व्हायच्या आत कॉम्प्युटरवर घे ना." मी जुना व्हीसीआर शोधला, लॅपटॉप घेतला, आणि तात्यांच्या घरी गेले. आमच्याच इमारतीत, खाली सातव्यावर. आता ऐंशी ओलांडलेले तात्या खिडकीखाली पलंगावर बसलेले असतात. पलंग मोठा आहे. ते भिंतीच्या कडेला अंग चोरून बसतात, का ते मी कधी विचारलं नाही.

कॅसेट लावली. सुलूकडची चांगली तिनं कधीच उतरवून घेतलीय, तीच पाहिजे तर मागवू, असं मी पुन्हा एकदा सुचवून बघितलं. तात्यांनी हातानंच नको म्हटलं.

आताचे लॅपटॉप आगाऊ असतात. मिनिटभर चित्र बघितलं असेल नसेल, पडद्यावर चौकट आली. चित्राच्या काही भागात दोष सापडला आहे, आजूबाजूचं बघून तो आपोआप काढून टाकू का? बिशाद बघा त्याची, तात्यांच्या नाहीतर मामाच्या जागी लॅपटॉप स्वतःच्या मनानं कुणाला तरी बसवणार होता. मी नाही वर बोट ठेवलं. त्यानं पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की, आणि जरा मोठ्यानंच म्हटलं.

मग कन्यादान आलं. सुलूचा हात धरून पाटावर बाळामामा बसला होता. बनियनवर, टक्कल चकाकत, बशी ओठांशी. तांब्यातून धार पडत होती आणि तो निवांत चहा पीत होता, कुठेही जायचं नसल्यासारखा. बाहेरून मिरचीचा एक भपकारा आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डंकाचं नाव पुढे करायला मला लाज वाटली नाही.

तात्यांना आता नीट दिसत नाही. ते पुढे वाकले, इतके की नाक पडद्याला टेकेल. त्यांनी मामाला ओळखलं. मला वाटलं, आता पुराव्याचं काहीतरी बोलतील, मला निरोप सांगतील, नंदे, ह्याका सांग. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पलंगावर ते आणखी थोडे भिंतीकडे सरकले आणि सरळ पडद्याला म्हणाले,

"बस रे, बस. उठू नको."